खडीच्या वाटेसाठी ट्यूबलेस टायर निवडताना

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या लहानशा शहराच्या परिसरात ‘फ्लिंट हिल्स’ नावाच्या गवताळ टेकड्या पसरल्या आहेत. तेथील चुनखडीच्या थरांत चकमकीचा दगड विपुल आढळतो आणि त्यावरूनच टेकड्यांना हे नाव मिळाले. अश्मयुगीन माणूस ज्या दगडाची हत्यारे घडवीत असे, तोच हा दगड. तो फुटला की त्याला पात्यासारखी धार येते. या टेकड्यांमधील खडीच्या रस्त्यांवर २००६ साली २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची सायकल शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी तीत अवघे ३४ स्वार उतरले होते. आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. ठरावीक थांबे सोडल्यास वाटेत बाहेरची मदत घेता येत नाही. साहजिकच एक फाटलेला टायर अनेक महिन्यांची तयारी वाया घालवू शकतो.

ट्यूब असलेल्या चाकाचा खडीवरचा मोठा शत्रू म्हणजे दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाणारी ट्यूब. ट्यूबलेस चाकात ट्यूबच नसल्याने हा धोका टळतो. रिमवर हवाबंद पट्टी चिकटवलेली असते, टायरची कड रिममध्ये घट्ट बसते आणि आत सीलंट नावाचे पातळ द्रव्य ओतलेले असते. बारीक छिद्र पडताच हवेबरोबर हे द्रव्य बाहेर येऊ लागते आणि तेथेच गोठून छिद्र बुजवते. त्यामुळे टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, हादरे कमी बसतात आणि पकडही वाढते.

मात्र या सोयीला मर्यादा आहे. जमिनीला टेकणाऱ्या जाड भागावरील छिद्र सीलंट सहज बुजवते. टायरची बाजूची भिंत चिरली गेल्यास त्याचा निरुपाय होतो. म्हणूनच धारदार दगडांच्या वाटेवर सर्वांत हलका टायर हा सर्वांत चांगला टायर नव्हे. बाजूच्या भिंतीत संरक्षक थर असलेला टायर थोडा जड असतो, किंचित संथही वाटतो. परंतु मुक्कामी पोहोचण्याची शक्यता तो वाढवतो. गुळगुळीत मुरमाच्या रस्त्यावर मात्र हे ओझे वाहण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न रुंदीचा. बारीक, दबलेल्या खडीवर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदी पुरते. मोठ्या, सुट्या दगडांसाठी ४५ किंवा ५० मिलिमीटर अधिक सुरक्षित ठरते, कारण रुंद टायर कमी दाबावरही रिमला दगडाच्या आघातापासून वाचवतो. अर्थात सायकलच्या सांगाड्यात तेवढी जागा हवी, चिखलासाठी थोडी जास्तच. २०२३ च्या शर्यतीत ओल्या चिखलाने चाके अडून बसली आणि अनेकांना सायकली उचलून चालावे लागले, हे विसरता येणार नाही. कोरड्या वाटेसाठी मध्यभागी गुळगुळीत आणि कडेला उठाव असलेली नक्षी योग्य. चिखलासाठी उठाव उंच आणि विरळ असावेत, म्हणजे माती अडकत नाही.

हवेच्या दाबाला एकच आकडा नसतो. स्वाराचे वजन आणि टायरची रुंदी यांवर तो ठरतो. ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये बहुधा ३० ते ४० पीएसआयपासून सुरुवात करून थोडी थोडी हवा कमी करून पाहावी. रिमवर चाक आपटू लागले की दाब फार उतरला असे समजावे. काही नव्या रिमच्या कडांना टायर धरून ठेवणारा आतला वळ नसतो. अशा रिमवर निर्मात्यांनी मान्य केलेलाच टायर बसवावा. सीलंट काही महिन्यांत वाळते, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. म्हणून ते वेळोवेळी तपासावे लागते.

इतके करूनही पिशवीत मोठे छिद्र बुजवण्यासाठी रबरी वात, चिरलेल्या भिंतीला आतून लावण्यासाठी जाड ठिगळ, पंप आणि एक साधी ट्यूब असावीच. ट्यूबलेस टायर ट्यूबची गरज कमी करतो, संपवत नाही. टायर निवडताना आधी रस्त्यावरचा दगड पाहावा, वजनाचा काटा नंतर.