भात कापायचे मशीन सुरू होत नाही

दसऱ्याच्या सुमारास आपल्याकडचे हळवे भात पिवळे पडते. पूर्वी घरोघरची माणसे विळे घेऊन खाचरात उतरत. आता तरणी पोरे भिवंडीच्या गोदामांत नाही तर कल्याण-डोंबिवलीला कामाला जातात. कापायला माणूस मिळत नाही. म्हणून पुष्कळ गावांत खांद्याला अडकवायचे छोटे मशीन आले आहे. पुढे गोल पाते, मागे लहानसे इंजिन.

एकदा आम्ही मुरबाडजवळच्या एका पाड्यावर होतो. भात तयार होते. माळशेजच्या अंगाला ढग दाटले होते. आणि मशीन काही सुरू होईना! पोराने वीस-पंचवीस वेळा दोरी ओढली. घामाघूम झाला. म्हातारी बांधावरून ओरडली, "अरं, ठेव ते! इळा घे हातात."

आम्ही म्हणालो, "आजी, जरा दम धरा. आणि बाळा, तू आधी दोरी ओढायची थांब."

का थांबायचे? प्रत्येक ओढीबरोबर इंजिनात आणखी पेट्रोल जाते. प्लग भिजतो. भिजलेला प्लग पेटवत नाही. यालाच मेकॅनिक 'पेट्रोल ओव्हर झाले' म्हणतात.

हे इंजिन आहे तरी कसे? सायकलच्या पंपात दट्ट्या खालीवर होतो, तसा यात पिस्टन होतो. एक खेप वर, एक खेप खाली. या दोन खेपांत सगळे काम होते. म्हणून हे टू-स्ट्रोक. असल्या इंजिनाचे पेटंट इंग्लंडात जोसेफ डे यांनी १८९१ साली घेतले. यात तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोल पिस्टनखालच्या पोकळीतून वर जाते आणि जाताना आतल्या भागांना तेल लावत जाते. म्हणून पेट्रोलातच टू-स्ट्रोकचे तेल मिसळावे लागते. जुन्या स्कूटरवाल्यांना हे ठाऊक आहे. ते पंपावर तेल घालून घेत, आणि सकाळी स्कूटर सुरू झाली नाही की ती कलंडवून पाहत!

तेल किती? मशीनच्या पुस्तकात लिहिलेले असते. कुठे १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, कुठे ४०. तेलाशिवाय मशीन चालवले तर पिस्टन घासून जाम होतो. मग खर्च मोठा.

तर आम्ही आधी बटण पाहिले. हसू नका, पुष्कळदा बटणच बंद असते! ते चालू होते. मग पाना लावून प्लग काढला. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकीतली जाळी, नळी किंवा झाकणाचे बारीक भोक तुंबलेले असते. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचते, पण पेटत नाही. आमचा प्लग ओला होता.

बटण बंद करून, प्लग बाहेर ठेवूनच आठ-दहा वेळा दोरी ओढली. आतले पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर आले. प्लग पुसला, काजळी खरवडली. त्याच्या टोकाशी फट असते, साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर. लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याच्या पाठीइतकी. मग पेट्रोलचा डबा लांब नेला, सांडलेले पुसले आणि बटण चालू केले. टोपीत बसवलेला प्लग भोकापासून दूर, इंजिनच्या धातूला टेकवला. उघड्या हाताने धरू नका, झटका बसतो. दोरी ओढली. निळी ठिणगी पडली.

ठिणगी आहे, हवेची जाळीही साफ आहे. मग राहिले काय? पेट्रोलच!

"हे कधीचं रे?"

"गेल्या कापणीचं उरलेलं, काका."

आम्ही टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून ठेवले. दहा मिनिटांनी पाहिले, तर तळाला वेगळा थर! हल्ली पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि आपल्याकडचा पावसाळा तर चार महिन्यांचा. पाणी वाढले की इथेनॉल पाण्याला धरून खाली बसते. तेल मात्र वरच्या पेट्रोलात राहते. टाकीतली नळी तळातूनच ओढते. म्हणजे इंजिनाला धड पेट्रोलही नाही आणि तेलही नाही.

टाकी रिकामी केली. ताज्या पेट्रोलात पुस्तकाप्रमाणे तेल घालून, बाटली चांगली हलवून टाकीत ओतले. रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबला. मशीन सपाट जागी ठेवले, पाते मोकळे, जवळ कुणी नाही. चोक लावून ओढले, एकदा 'फुर्र' केले. चोक काढला. तिसऱ्या ओढीला सुरू झाले.

सुरू झाले नसते तर? दोरी ढिली, सैल लागली असती तर पिस्टनच्या कड्या गेल्या असे समजून आम्ही ते थेट मेकॅनिककडे नेले असते. तिथे आपले हात चालत नाहीत.

संध्याकाळपर्यंत खालची दोन खाचरे कापून झाली. वरचे खाचर म्हातारीने आणि सुनेने विळ्यानेच कापले. रात्री पाऊस आला तेव्हा भारे पडवीत होते. पोराने उरलेले पेट्रोल टाकीतून काढले आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवले.