हाडाने शब्द पाळला

गेल्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. लेकीच्या कानामागचा श्रवणयंत्राचा प्रोसेसर आता जुना झाला. यापुढे त्याची दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत. नवा घ्यायचा तर काही लाख मोजा. कवटीतला टायटॅनियमचा स्क्रू मात्र बसवला त्या दिवसाइतकाच घट्ट आहे.

हाडात स्क्रू रुजवायची ही विद्या स्वीडनची. १९५० च्या दशकात संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण परत निघेना. हाडाने ते आपलंसं केलं होतं. १९७७ मध्ये गोथेनबर्गला सर्जन अँडर्स चेलस्ट्रोम यांनी तसाच स्क्रू रुग्णांच्या कानामागे बसवला आणि त्यावर श्रवणयंत्र लावलं. बंद कानाला वळसा घालून आवाज हाडातून थेट आतल्या कानात पोचला. १९९६ मध्ये अमेरिकेत मोठ्यांसाठी परवानगी, १९९९ मध्ये पाच वर्षांवरच्या मुलांसाठी.

आमचं दशक २००५ नंतरचं. लेकीच्या उजव्या कानाला भोकच नव्हतं. मी ग्रहणात भाजी चिरली असणार, हा निकाल बारशालाच लागला. डॉक्टर म्हणाले, "दुसरा कान चांगला आहे ना? मग घाई कशाला?" एका कानाने आवाज कुठून आला ते कळत नाही आणि वर्गाच्या गोंगाटात बाईंचं बोलणं वेगळं निघत नाही, हे मला ऑडिओलॉजिस्टने समजावलं. मग डोक्याला सॉफ्टबँड आला, म्हणजे शस्त्रक्रियेशिवाय ते यंत्र हाडावर धरून ठेवणारा पट्टा. शाळेच्या फोटोत तो नको, असं एका बाईंनी सुचवलं. मी तो फोटो विकत घेतला नाही.

पुढे स्क्रू. तेव्हा भोवतालची कातडी तासून पातळ करत, केस उगवू नयेत म्हणून. टक्कल राहिलं, लाली आली, मलम आलं, आजीची तेलमालीश बंद झाली. थोड्याच वर्षांत सर्जन कातडी न तासताच स्क्रू बसवू लागले. आमच्या वाट्याला आधीची पद्धत आली. तरी त्या स्क्रूचं मला आजही कौतुक आहे. मध्ये कातडी नाही, त्यामुळे 'स' आणि 'श' दबत नाहीत. चुंबकाने बाहेरून चिकटणाऱ्या यंत्रांत ते दबत.

२०१२ नंतर बोनब्रिज नावाचं नवं यंत्र आलं, २०१९ मध्ये ओसिया. आता कंपनं देणारा भागच कातडीखाली असतो. बाहेर फक्त चुंबकाने चिकटणारा प्रोसेसर. २०२४ पासून अमेरिकेत पाच वर्षांच्या मुलालाही ओसिया बसवता येतं. टक्कल नाही, लाली नाही. पण लेकीचा स्क्रू निदान नुसता धातू आहे. या मुलांच्या डोक्यात यंत्रच आहे. बाहेरचा जोडीदार बंद झाला, तर आतल्याचं काय करायचं?

२०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं. ट्रॅक्टरचा विचार झाला, छान झालं. मुलाच्या हाडात काही बसवणाऱ्यांनीही सुटे भाग किती वर्षं देणार ते शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर लिहावं आणि खाली सही करावी. आजवर त्या कागदावर कंपनीची सही मी पाहिलेली नाही. सही फक्त आईबापांची असते.