लाकडांतला चेहरा

श्रोतेहो, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या आमच्या तेल्हाऱ्यास लाकडाचें अप्रूप नाहीं. जवळच मेळघाट, जुन्या घरांच्या तुळया, खांब आणि दारांच्या चौकटी पाहिल्या कीं तेथल्या सागाची ओळख पटते. बारीक पात्याच्या करवतीनें पातळ फळी कातरून वेलबुट्टी, मोर किंवा गणपती काढणें, ज्यास आपण फ्रेटवर्क म्हणतों, तेंहि आपणांपैकीं पुष्कळांनीं शाळेंत असतां केलें असेल. परंतु त्याच करवतीनें माणसाचा हुबेहूब चेहरा करावयाचा म्हटलें म्हणजे हात थबकतो. मोराचें एक पीस आखूड झालें तर कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ओठाचें टोक एक सूत ढळलें कीं माणूसच बदलतो. असें कां होतें आणि त्यावर उपाय काय, हें आज सांगावयाचें आहे.

माझ्या आजीजवळ आजोबांचें एकच छायाचित्र होतें; तेंहि लहानसें, कडा झिजलेलें. त्यावरून लाकडांत मोठा चेहरा करून देण्याचें मीं तिला कबूल केलें. पहिल्या खेपेस छायाचित्र मोठें करून घेतलें; चेहऱ्याची कड, नाकाच्या दोन्ही बाजू, गालांची गोलाई, सारें पेन्सिलीनें रेखाटलें आणि प्रत्येक रेषेवरून करवत चालविली. सांधे इतके नेमके बसले कीं मला माझेंच कौतुक वाटलें. आजीनें तें काम हातांत घेतलें, खिडकीच्या उजेडाकडे धरलें आणि विचारलें, "कोन व्हय रे बाबू हा?"

चूक हाताची नव्हती, डोळ्यांची होती. कागदावर रेषा पुसट काढतां येते. करवतीची रेषा पुसट निघत नाहीं. दोन तुकड्यांमधली फट बारीक असो वा रुंद, दिसते ती काळीच. खऱ्या चेहऱ्यांत नाकाच्या बाजूला रेषा नसते. तेथें उजेड हळूहळू सावलींत उतरतो. त्या ठिकाणीं छेद दिला कीं नाक वेगळें चिकटविल्यासारखें दिसतें, आणि गालावर दिला कीं तरुण माणूस म्हातारा होतो. म्हणून या कामाचा पहिला नियम असा कीं, निसर्गानें जेथें खरोखर सीमा आखली आहे तेथेंच करवत न्यावी. अशा सीमा थोड्या आहेत: वरच्या पापणीची कड, नाकपुडीची कमान, दोन ओठांमधली रेघ, केसांची व मिशांची किनार, कानाची पाळी आणि हनुवटीखालची सावली. बाकीचें काम पटाशीचें आणि कानशीचें.

या दृष्टीनें शिकाऊ हातासाठीं गाडगेमहाराजांचा चेहरा हा उत्तम धडा होय. अमरावती जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेले आणि १९५६ सालीं निवर्तलेले हे सत्पुरुष वऱ्हाडांत घरोघर ओळखीचे आहेत. तेव्हां साम्य साधलें कीं नाहीं, हें शेजारचें पोरहि सांगूं शकतें. शिवाय दाढी, विस्कटलेले केस व कपाळावरच्या आठ्या यांनीं करवतीस जागोजाग वाट करून दिलेली असते. उलट लहान मुलाचा गुळगुळीत चेहरा सर्वांत अवघड, कारण त्यांत करवतीस आसरा घेण्याजोगी जागाच नाहीं.

चेहरा करण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिली जाळीची. येथें एकाच फळींतून सावलीचे भाग कापून काढावयाचे आणि मागें काळें कापड लावावयाचें; राहिलें तें उजेड, गेलें तें अंधार. मात्र राहिलेला प्रत्येक भाग कोठें ना कोठें शेजारच्या भागास जोडलेला हवा, नाहीं तर तो गळून पडेल. अकोट तालुक्यांत नरनाळा किल्ल्याचा १४८७ सालचा महाकाळी दरवाजा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना तेथील दगडी जाळ्या आठवतील. जाळींत पोकळीहि दगडाइतकीच बोलते, लाकडांतहि तेंच.

दुसरी रीत जडावाची. निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे कापून ते एकमेकांशेजारीं बसवावयाचे. इटलींत उर्बिनो येथील राजवाड्यांत १४७६ च्या सुमारास ड्यूक फेडेरिगोच्या अभ्यासिकेच्या भिंती अशाच कामानें सजविल्या गेल्या. पुस्तकें व वाद्यें यांच्या जोडीला खुद्द ड्यूकची आकृतीहि त्यांत आहे. आपल्याकडे म्हैसूरचें शिसवी जडावकाम प्रसिद्धच आहे. ही जुनीं कामें सपाट आहेत. आज हौशी कारागीर प्रत्येक तुकडा गोलवून, कोठें उंच कोठें खोल बसवितात. त्यामुळें जडावास शिल्पाची जोड मिळते.

कामास आरंभ करितांना ज्यांत उजेड एका बाजूनें आला आहे असें छायाचित्र निवडावें. समोरून झोत पडला असेल तर सावल्याच नाहींशा होतात. मग डोळे अर्धवट मिटून पाहावें: बारकावे लोपतात आणि उजेड, मध्यम, सावली व गडद अशा चार छटा उरतात. हेंच काम आतां संगणकावरहि होतें. पण डोळ्यांस तशी संवय लागलेली बरी. प्रमाणें पक्कीं ठेवावीं. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे येतात. नवशिके त्यांना हटकून वर नेतात. समोरून पाहतां डोक्याची रुंदी सुमारें पांच डोळ्यांइतकी असते.

लाकडास रंग देऊं नये. रंगाचें लाकूडच निवडावें. उजेडासाठीं फिकट शिवण, पिवळसर छटेसाठीं हळदू, मधल्या छटेसाठीं साग, सावलीसाठीं शिसव आणि बुबुळासाठीं टेंभुर्णीचा काळा गाभा. हीं लाकडें उजेडानें वर्षागणिक बदलतात, हें ध्यानांत घेऊन छटांमध्यें मोकळें अंतर राखावें. लाकूड चांगलें वाळलेलें हवें. नाहीं तर पावसाळ्यांत फुगलेले सांधे वऱ्हाडच्या वैशाखांत उघडे पडतात. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक लिहावा आणि लाकडाच्या रेघा कोणत्या दिशेनें जाव्यात त्याचा बाण काढावा. दाढीच्या रेघा दाढीबरोबर खालीं वाहाव्यात. कपाळाच्या आडव्या असाव्यात.

कापतांना पातें उभें व दांते खालच्या बाजूस ठेवावे. वळण आलें कीं करवत न वळवितां फळी फिरवावी. मग तुकडे मांडून नाकाखालीं पातळ फळीचा आधार द्यावा, म्हणजे तें वर येईल. मान व कान खालच्या पातळीवर ठेवावे. गाल आणि नाक शक्य तों एकाच तुकड्यांत राखून पटाशीनें उतार द्यावा व काचकागदानें तो मऊ करावा. बोट फिरवून पाहावें: जेथें बोट अडखळतें तेथें नजरहि अडखळते. डोळे सर्वांत शेवटीं. दोन्ही एकाच फळींतून कापावे, बुबुळाचा वरचा भाग पापणीखालीं झांकला जाऊं द्यावा, आणि उजेडाच्या बाजूस सुईएवढें भोक पाडून त्यांत बांबूची बारीक काडी बसवावी. तेवढ्या पांढऱ्या ठिपक्यानें दृष्टि जागी होते. अखेरीस जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा.

आजोबांचा चेहरा मीं पुन्हां केला. पहिल्या कामांत एक्केचाळीस तुकडे होते, दुसऱ्यांत सतरा. गालावरची एकहि रेषा ठेवली नाहीं. मिशांची किनार आणि पापण्या यांवरच सारी मदार ठेवली. एके दिवशीं सायंकाळीं तें काम आजीसमोर भिंतीला टेकवून उभें केलें. या वेळीं तिनें कांहीं विचारलें नाहीं. पदर तेवढा डोक्यावर सारखा करून घेतला.

श्रोतेहो, आपल्या घरींहि असें एखादें झिजलेलें छायाचित्र असेल. करवत हातीं घेण्यापूर्वीं तें पुष्कळ दिवस डोळ्यांसमोर ठेवा, आणि कोठें कापावयाचें यापेक्षां कोठें कापावयाचें नाहीं, हें आधीं ठरवा.