‘कारी’चा शेवट : कठड्यावरून मागे

अमृता पाटील यांची ‘कारी’ ही इंग्रजी चित्रकादंबरी २००८ साली हार्परकॉलिन्सने प्रसिद्ध केली. बहुतांशी काळ्या-पांढऱ्या चित्रांत सांगितलेल्या या कथेचा शेवट अनेकांना अर्धवट वाटतो. कारी पुन्हा इमारतीच्या कठड्याशी येते आणि मागे फिरते. रूथ परतत नाही, नवा संसार थाटला जात नाही. मग गोष्ट संपली कुठे?

उत्तर पहिल्या पानांत आहे. तिथे कारी आणि रूथ या दोन प्रेयसी उंचावरून उडी घेतात. रूथला इमारतीची सुरक्षाजाळी झेलते. ती शहर सोडून जाते. कारी गटारात पडून वाचते आणि मुंबईची आठवण देणाऱ्या धुरकट शहरात जाहिरात कंपनीतली नोकरी करत राहते. पुढे कर्करोगाने मरणाऱ्या एंजलला ती सोबत करते. इथे मरण ही प्रेमाची साक्ष उरत नाही. ते झिजत जाणाऱ्या शरीराचे मरण असते. एंजलचा हा भाग घाईने वाचला, तर शेवटचे माघारी पाऊल अचानक पडल्यासारखे वाटते.

जीव देणे ही प्रेमाची कसोटी, असे असंख्य प्रेमकथांनी आपल्या मनावर ठसवले आहे. कारीचे रूथवरचे प्रेम शेवटीही तसूभर कमी झालेले नाही. त्यासाठी मरायचे मात्र नाही, एवढेच तिने ठरवले आहे. संदिग्धता आहे ती तिच्या पुढच्या आयुष्याविषयी, जगण्याच्या निर्णयाविषयी नव्हे. दोन स्त्रियांच्या प्रेमाची गोष्ट मरणातच संपणार असे धरून चालणाऱ्या वाचकाला हा शेवट अपुरा वाटणारच.