वाकलेली पाठ आणि यंत्राचा हात

चातुर्मासात जळगाव-धुळ्याच्या स्थानकांत वर्षानुवर्षे जमिनीवर बसून सामायिक करणाऱ्या आजी एखाद्या वर्षी भिंतीकडेला खुर्ची मागतात. ‘वय झाले’ म्हणून घर ते सोडून देते. परंतु कळशी उचलताना पाठीत अचानक उठलेली कळ, घटलेली उंची आणि पुढे झुकलेली पाठ या ऑस्टिओपोरोसिसने मणका दबल्याच्या खुणा असू शकतात.

अशा वेळी पहिली पायरी मुंबईची गाडी पकडण्याची नसते. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. साध्या एक्स-रेनेही दबलेला मणका बहुधा दिसतो. अनेक रुग्णांची वेदना थोडी विश्रांती, वेदनाशामक औषधे आणि पट्टा यांनी दोन-तीन महिन्यांत ओसरते. सुईवाटे मण्यात सिमेंट भरण्याचा उपाय 1984 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला. मात्र 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत तो लुटुपुटीच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. म्हणून तो सरसकट करावयाचा नाही.

पाय बधिर होणे, त्यांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास मात्र एक दिवसही दवडू नये. मज्जारज्जूवर दाब असल्यास शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवावे लागतात आणि पोकळ हाडात ते सैल होण्याची भीती असते. येथे रोबो साहाय्याला येतो. सीटी स्कॅनवरून स्क्रूची वाट आधी आखली जाते आणि यंत्राचा हात ती दिशा धरून ठेवतो. स्क्रू बसविण्याचा निर्णय व जबाबदारी शल्यविशारदाचीच. अशा पहिल्या यंत्रांपैकी एकाला अमेरिकेत 2004 मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे अचूकता वाढू शकते, खर्चही वाढतो. हाड मात्र ठिसूळच राहते.

खरा धोका पुढे आहे. एक मणका नव्याने दबलेल्या सुमारे पाचपैकी एका स्त्रीचा दुसरा मणका वर्षाच्या आत दबतो. म्हणून डेक्सा तपासणी आणि हाडांचे औषध शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे.

औषध घेताना व्रतनियम डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावेत. आठवड्यातून एकदा घ्यावयाची अलेन्ड्रोनेटची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबतच घ्यावी लागते; त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नसते, काही खायचेही नसते. नवकारसी पारल्यावर प्रथम उकळलेल्या पण निवलेल्या पाण्यासोबत ती घेता येते. चौविहार उपवासाच्या दिवशी कोरडी गिळू नये. वर्षातून एकदा शिरेवाटे द्यावयाचे औषधही उपलब्ध आहे. काही कॅल्शियम गोळ्या शिंपल्यांपासून, तर अनेक कॅप्सूलची आवरणे प्राणिज जिलेटिनपासून बनतात. दुकानदाराला घटक विचारून वनस्पतिजन्य वा खनिज पर्याय मागावा. ताक, तीळ, नाचणी ही तर घरचीच रसद.

खानदेशात ऊन भरपूर आहे, पण घर आणि पेढी यांत दिवस घालविणाऱ्यांच्या अंगावर ते क्वचितच पडते. दिवाळीला वहीचा हिशेब न चुकता पाहणाऱ्या घराने पाळी थांबलेल्या आईच्या हाडांचा हिशेबही एकदा डॉक्टरांकडून पाहून घ्यावा. तेवढ्याने कदाचित आजींची जमिनीवरची जागा आणखी काही चातुर्मास त्यांचीच राहील.