भाताच्या तुसातले द्रव्यविज्ञान

बारावीनंतर एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, नॅनोसायन्स शिकायचे तर कुठे जायचे?" मुरबाड-शहापूर भागात राहणाऱ्या मुलाला हा विषय फार दूरचा, मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्रांचा वाटतो. त्याच्या हाती केवळ कॉलेजांची यादी देऊन भागणार नाही. या विषयात नेमके काय शिकतात, हे त्याला आधी कळायला हवे. त्यासाठी आपण भातगिरणीमागच्या तुसाच्या ढिगाकडे जाऊ.

तुसात काय असते?

१०० किलो भात भरडला तर साधारण २० किलो तूस निघतो. तो पूर्ण जाळला की सुमारे ४ किलो राख उरते. बहुतेक लाकडांची राख एक-दोन टक्क्यांवर जात नाही. मग तुसाची २० टक्के कशी? भाताचे रोप मुळांवाटे जमिनीतून विरघळलेली सिलिका शोषून घेते आणि ती तुसात साठवते. तुसाच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिकाच असते. या राखेने भांडी लख्ख निघतात, याचे कारण तेच.

पदार्थ एक, रचना वेगळी

गारगोटी म्हणजेही सिलिका. दोन्हींत सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात. पण गारगोटीत ही चौकडी ठरावीक क्रमाने पुन्हापुन्हा मांडलेली असते; ती स्फटिकी सिलिका. तुसातल्या सिलिकेत असा दूरवर टिकणारा क्रम नसतो, ती अस्फटिकी.

तूस सुमारे ६०० ते ७०० अंश सेल्सियसला जाळला तर राख अस्फटिकीच राहते. तापमान ८०० अंशांच्या वर जाऊन बराच वेळ टिकले, की अणू क्रमाने बसू लागतात आणि क्रिस्टोबलाइट नावाचे स्फटिक तयार होतात. याने काय फरक पडतो? अस्फटिकी राख बारीक दळून चुना व पाण्याबरोबर कालवली तर ती हळूहळू घट्ट होते, म्हणून काँक्रीटमध्ये थोड्या सिमेंटऐवजी ती वापरता येते. स्फटिकी राख या कामात फारच मंद ठरते. म्हणजे पदार्थावर केलेली प्रक्रिया त्याची रचना ठरवते आणि रचना त्याचे गुणधर्म ठरवते. द्रव्यविज्ञानाचा, म्हणजेच मटेरियल सायन्सचा, हा गाभा आहे. कच्ची वीट पाण्यात विरघळते आणि भाजलेली टिकते, यामागेही हेच सूत्र आहे. वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबातल्या मुलाने त्याचा एक भाग डोळ्यांनी पाहिलेला असतो.

करून पाहा

हा फरक क्ष-किरणांच्या यंत्राशिवायही तपासता येतो. शिक्षकांनी स्वतः उभे राहून, डोळ्यांना चष्मा व हातमोजे घालून हा प्रयोग करवून घ्यावा. मंद जळालेल्या ढिगातली राख धुऊन वाळवा. तिच्यातली ५ ग्रॅम राख १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या ५० मिलिलिटर द्रावणात घालून गरम पाण्यावर तासभर तापवा. भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्या. अॅल्युमिनियमचे मुळीच नको, कारण अल्कलीशी त्याची जोरदार अभिक्रिया होते. काचेचेही नको. का, ते विद्यार्थ्यांना विचारा. (काचेतही अस्फटिकी सिलिका आहे!)

द्रावण गाळून थंड करा आणि गाळलेल्या पाण्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब घाला. द्रावण उदासीन होऊ लागले की त्यात पांढरट, थलथलीत जेल जमते. आता हाच प्रयोग गारगोटीच्या पुडीवर करा. जेल मिळालेच तर अगदी नाममात्र मिळेल. नदीची वाळू मात्र घेऊ नका. आपल्याकडची वाळू काळ्या बेसॉल्ट खडकाची असते, ती शुद्ध सिलिका नव्हे. राख किंवा गारगोटीची कोरडी पूड उडू देऊ नका. स्फटिकी सिलिकेच्या धुळीने सिलिकॉसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो.

यात 'नॅनो' कुठे आले?

हे जेल काही नॅनोमीटर आकाराच्या कणांची साखळी असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एकेक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले असे समजा. सर्वांचे मिळून पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर भातखाचराएवढे होईल! अभिक्रिया पृष्ठभागावर होतात, म्हणून आकार घटला की वागणूक बदलते. वाळवलेले सिलिका जेल हवेतला दमटपणा शोषते, तेही याच बळावर. औषधाच्या डबीतली छोटी पुडी आठवा.

मग शिकायचे काय?

नॅनोविज्ञान याच नावाच्या पदव्या काही विद्यापीठे देतात. मुंबईच्या आय.आय.टी.त धातुशास्त्र व द्रव्यविज्ञान अभियांत्रिकीचा विभाग आहे. पण घराजवळच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारा विद्यार्थी मागे पडला, असे आम्ही मानत नाही. वरच्या प्रयोगात काय काय लागले ते मोजा. बंध, आम्ल-अल्कली, उष्मागतिकी, स्फटिकांची भूमिती, घन-वर्गाचे गणित. हे सारे त्याच पदवीत शिकवले जाते. पाया पक्का झाला की 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा देऊन आय.आय.टी.त एम.एस्सी.साठी जाता येते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची गरज पडली, तर मुंबईच्या आय.आय.टी.तील 'सैफ' या केंद्रात बाहेरच्या संस्थांचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात.

यंत्र मात्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. मंद जळालेल्या ढिगातली राख आणि वीटभट्टीतली राख यांतली कोणती जास्त जेल देईल? हा प्रश्न मुरबाडच्या विद्यार्थ्याला विचारता येतो, आणि त्याचे उत्तरही तिथेच शोधता येते. पुढच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तो फळ्यावर लिहून ठेवायला हरकत नाही.