झाकण उघडायचं नाही

पहाटे ४:४०

ब्रॅम्प्टन, जानेवारीचा मधला आठवडा. बाहेर उणे १४. ताईचा गजर एकदाच वाजतो, दुसऱ्यांदा वाजू देत नाही. ताई माझी मावसबहीण. आम्ही दोघं वसईचे. तिकडे ती बालवाडीत शिकवायची. इथे वृद्धांच्या निवासात पर्सनल सपोर्ट वर्कर आहे. सगळे पीएसडब्ल्यूच म्हणतात. मी तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे आलोय.

फ्रीजमधून ती परात काढते. रात्री मीठ चोळून ठेवलेल्या डुकराच्या बरगड्या. दोन रॅक, २ किलो २०० ग्रॅम. दर पौंडाला २.९९ डॉलर, एकूण साडेचौदा. कच्च्या मांसावर इथे कर नाही. फ्लायरमध्ये भाव उतरलेला दिसला की ती दोन रॅक घेते, नाहीतर घेत नाही.

या साइड रिब्ज, पोटाकडच्या. पाठीच्या कण्याजवळच्या त्या बॅक रिब्ज. त्या आखूड, कमी चरबीच्या, आणि जवळजवळ दुप्पट भावाच्या. ताई त्यांच्याकडे बघतही नाही. मंद आचेला साइड रिब्जच चांगल्या. चरबी जास्त, चिवट पडदे जास्त. हेच चिवट पडदे पुढे विरघळून रसाला दाटपणा देतात.

पहाटे ४:५०

आतल्या बाजूला हाडांवर एक पांढरट पापुद्रा असतो. तो कितीही शिजवला तरी चामडंच राहतो, मसालाही आत जाऊ देत नाही. ताई चमच्याचा दांडा शेवटच्या हाडापाशी त्याच्याखाली सरकवते. जरा वर उचलते. निसटतं टोक पेपर टॉवेलच्या चिमटीत धरते आणि ओढते. पहिला पापुद्रा सर्रकन एका दमात निघतो. दुसरा मध्येच तुटतो. पुन्हा दांडा, पुन्हा चिमूट. उजवं मनगट ती मध्ये एकदा झटकते. त्या मनगटाला पट्टा आहे. माणसं उचलून उचलून ते दुखतं.

प्रत्येक रॅकचे तीन तुकडे. मग मसाला. मी वसईहून आणलेला बाटली मसाला, मोठे तीन चमचे. आमच्याकडे तो मे महिन्यात कांडतात आणि बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे उजेड लागत नाही. सोबत आलं-लसूण, गूळ, अर्धी वाटी व्हिनेगर. ती हाताने चोळते, हाडांच्या मधल्या खाचांत बोट घालून.

"बाजारातला बार्बेक्यू सॉस आणला होता एकदा," ती म्हणते. "नुसता गोड. पोराने खाल्ला. आमच्याने खाववला नाही."

पहाटे ५:१५

स्लो कुकर ओट्याच्या कोपऱ्यात. सहा लिटरचा, लंबगोल. आत जड चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण. पाच वर्षांपूर्वी बॉक्सिंग डेच्या सेलमध्ये ३९ डॉलरला घेतला.

तळाला दोन कांदे, जाड चिरलेले. त्यावर बरगड्या. आडव्या रचायच्या नाहीत, भांड्याच्या कडेला टेकवून उभ्या करायच्या. मांसाची बाजू भिंतीकडे, कारण ऊब भिंतीतून येते. पाणी अर्धा कपच. बघताना कमी वाटतं. पण वाफ इथून बाहेर जात नाही आणि मांस स्वतःचं पाणी सोडतं. नवशिके इथेच चुकतात. भांडं पाण्याने भरतात आणि संध्याकाळी बेचव उकडलेलं मांस काढतात.

५:२५ला ती बटण दाबते. लो. आठ तास. त्यानंतर यंत्र आपणहून 'वॉर्म'वर जातं.

"झाकण उघडायचं नाही," ती मला सांगते. "एकदा उघडलंस की अर्धा तास मागे गेलं."

पहाटे ५:५०

गाडीच्या काचेवरचा बर्फ ती खरवडते. डबा, पाण्याची बाटली, नर्सचे बूट पिशवीत. सेकंडहँड गाडी, विमा महिन्याला २९० डॉलर. ब्रॅम्प्टनचा विमा सगळ्या ऑन्टारिओत महागड्यांपैकी. गाडीशिवाय तिचं काम होत नाही.

सकाळी ७:४५

आत्ता कुठे उजाडतंय. भावोजी घरी येतात. गोदामात रात्रपाळी, खोके ट्रकमध्ये चढवायचे. चहा, दोन टोस्ट. कुकरवरून हात फिरवल्यासारखा करतात, झाकणाला बोट लावत नाहीत. मग खोलीच्या खिडकीला जाड पडदा ओढून झोपतात. चौदा वर्षांचा भाचा दप्तर घेऊन निघतो. "मामा, चार वाजता वास येईल बघ," म्हणतो.

सकाळी ९:३०

चार तास झाले. झाकणाला आतून थेंब धरलेत. थेंब ओघळतात आणि कडेला पाण्याची एक बारीक रेघ करतात. ही रेघ म्हणजे झाकणाचं सील. ती वाफ अडवते.

या वेळी कुणी बरगडी काढून चावली तर म्हणेल, बिघडलं. कारण आत्ता मांस कच्च्याहून घट्ट असतं. तापलं की त्याचे धागे आधी आकसतात, पाणी सोडतात. खायला सुरक्षित होण्याइतकं मांस तापलं, तरी बरगडी तेव्हा रबर असते. तिच्यातले चिवट पडदे साधारण ७० अंशांच्या पुढे सैल व्हायला लागतात, तेही फार हळू. त्यांचं जिलेटिन व्हायला तासच लागतात. आच वाढवून हे काम लवकर उरकत नाही, मांस नुसतं कोरडं पडतं. ९०-९५ अंशांपर्यंत पोचून तिथे बराच वेळ राहिलेली बरगडी हाडापासून आपोआप सुटते.

हे यंत्रही मुळात दुसऱ्या कुणाच्या चुलीवरून आलंय. अमेरिकेतल्या अर्विंग नॅक्सन यांनी त्याचं पेटंट घेतलं, ते १९४० साली मिळालं. लिथुआनियातल्या ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी चोलंटचं भांडं, म्हणजे मांस, घेवडा आणि कंद, गावच्या बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचे. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून रात्रभर भट्टीची ऊब पुरायची. आईकडून ऐकलेल्या या गोष्टीवरून नॅक्सनना कल्पना सुचली. त्यांच्या यंत्राचं नाव 'नॅक्सन बीनरी' होतं. पुढे कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने ते विकत घेतलं आणि १९७१मध्ये क्रॉक-पॉट नावाने बाजारात आणलं. नोकरीला जाणाऱ्या बायकांनी ते उचललं.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात तीन दगडांवर टोप चढायचा. लाकडं मागे ओढून आच कमी करायची, आणि एक म्हातारी मावशी दुपारभर तिथे बसायची. तिचं काम एवढंच, आच राखणं. ताईच्या घरी ते काम या बटणाकडे आहे, कारण बसायला कुणी नाही.

सकाळी ११:३०

ताईचा फोन. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी. तिचे पैसे मिळत नाहीत, पाच तासांच्या आत ती द्यावी लागते एवढाच कायदा. सकाळपासून नऊ माणसं तिने उठवली, धुतली, कपडे चढवले, खुर्चीत बसवली. दोघांना लिफ्टने उचलावं लागतं. पाठीखालून झोळी सरकवायची, चार पट्टे अडकवायचे, हँडल दाबायचं. हे काम दोघींनीच करायचं असतं. आज दुसरी उशिरा आली, म्हणून ताई थांबून राहिली. एका आजीने लापशीचा वाडगा उलटवला, तिचे कपडे पुन्हा बदलले.

तासाला २४ डॉलर ६० सेंट. त्यातले ३ डॉलर करोनाच्या काळात, ऑक्टोबर २०२०मध्ये, सरकारने तात्पुरते वाढवले होते. २०२२मध्ये ते कायम झाले. साडेसात तासांचे १८४ डॉलर ५० सेंट, कर कापायच्या आधी.

"उघडलंस?" ती विचारते.

"नाही."

"शहाणा."

दुपारी १:२५

एक बारीक पिक्. आठ तास संपले. दिवा 'वॉर्म'वर गेला. आता भांडं फक्त ऊब धरून ठेवेल. घरात लसणाचा, व्हिनेगरचा, भाजल्या मिरचीचा वास भरलाय. झोपेतच भावोजी कूस बदलतात, पलंग वाजतो.

दुपारी ३:००

निवासातली पाळी संपली, दिवस संपला नाही. ४ आणि ५ वाजता दोन घरी जायचंय. एका आजोबांना आंघोळ, एका बाईंना औषधं आणि जेवण. तासाला २१ डॉलर, दोन तासांचे ४२. मधला ३ ते ४चा तास कुणाच्याच हिशेबात नाही. ती तो गाडीत काढते. हीटर चालू, सीट मागे, डोळे मिटून.

संध्याकाळी ६:१५

ताई दारात बूट काढते. कोट टांगायच्या आधी झाकण उचलते.

वाफ तोंडावर येते. ती चिमट्याने एका हाडाचं टोक धरते आणि किंचित फिरवते. हाड रिकामं वर येतं, धुतल्यासारखं स्वच्छ. "झालं."

आता हात सांभाळायचा. चिमट्याने उचललं तर सगळं तुटून खाली पडेल. दोन उलथणी खालून घालून ती एकेक तुकडा फॉइल लावलेल्या ट्रेवर ठेवते. दिसायला मांस मळकट, करडं. स्लो कुकर मऊ करतो, लाल करत नाही. आतलं तापमान शंभराच्या वर जात नाही आणि सगळं ओलं असतं. भाजका रंग आणि कडा हव्या तर कोरडी, कडक आच लागते.

भांड्यातला रस ती गाळते. वरची चरबी पळीने काढून बरणीत ठेवते, उद्याच्या बटाट्यांना. खालचा रस कढईत मोठ्या आचेवर. गुळाचा खडा, व्हिनेगरचा एक शिंतोडा. दहा मिनिटांत रस निम्मा होतो, पळीला चिकटतो. ब्रशने तो बरगड्यांवर. मग ओव्हनमध्ये वरच्या कप्प्यात, ब्रॉयलरखाली, दार किंचित उघडं. ताई तिथेच वाकून उभी. पाच मिनिटं. गूळ फुगतो, बुडबुडतो, कडा काळ्या पडतात. अजून अर्ध्या मिनिटाने जळलं असतं. दिवसभर भांड्याकडे कुणी बघायला नको होतं, या पाच मिनिटांत मात्र नजर हलवायची नाही.

संध्याकाळी ६:५०

भावोजी तोंड धुऊन येतात. त्यांची ही न्याहारी. भात, बरगड्या, कोबीची कोशिंबीर, कालचा पाव. भाचा हाडं ताटाच्या कडेला ओळीने मांडतो. सात हाडं झाली. कुणी फार बोलत नाही. सुरी मांडलीच नव्हती, लागलीही नाही.

मी वसईच्या अंगणातलं मांस खाल्लंय, हेही खाल्लं. तिथला लाकडाचा धूर इथे नाही. मऊपणात मात्र हे कुठेही कमी नाही.

संध्याकाळी ७:३०

सातनंतर वीज स्वस्त, म्हणून कपडे धुण्याचं यंत्र आता सुरू होतं. कुकरने दिवसभरात दोन युनिटांच्या आतच वीज खाल्ली असेल. ताई बोटांवर हिशेब करते. मांस साडेचौदा. कांदे, लसूण, गूळ धरून सतरा. चौघं जेवलो, दोन डबे उरले. बाहेर एका रॅकला तीसेक डॉलर पडतात, वर १३ टक्के कर आणि टिप. मांसाचे साडेचौदा डॉलर म्हणजे निवासातली तिची पस्तीस मिनिटं.

रात्री ८:१५

चिनी मातीचं भांडं अजून कोमट आहे. ती त्यात गार पाणी ओतत नाही. पहिल्या कुकरचं भांडं असंच तडकलं होतं. गरम भांडं नळाखाली धरलं आणि टक्कन आवाज आला. आता पूर्ण निवल्यावरच पाणी, मग साबण. तोवर ती सोफ्यावर मनगटावर बर्फाची पिशवी धरून बसते.

रात्री ९:४०

भावोजी जाड जॅकेट चढवतात. साडेदहाची पाळी. त्यांच्या डब्यात चार बरगड्या आणि भात, ताईच्या डब्यात तीन. भांडं फडक्यावर पालथं घातलंय. बाटली मसाला अर्धी बाटली उरलाय. ताई बाटलीच्या झाकणाला टेप लावते आणि गजर ४:४०ला लावते.